चेहऱ्यावरचा लाल डाग जातो आणि परत येतो: गडबड कुठे होते?

चेहऱ्यावर लाल चट्टा उठतो. मेडिकलमधून कुणीतरी सांगितलेली एक ट्यूब येते. तीन-चार दिवसांत चट्टा ओसरतो, सगळे खूश. ट्यूब थांबवली की आठ-दहा दिवसांत तो पुन्हा हजर, आणि या खेपेला आधीपेक्षा थोडा पसरलेला. मग पुन्हा तीच ट्यूब. असं दोन-तीनदा झालं असेल तर पुढे वाचण्याआधी ती ट्यूब शोधून जवळ ठेवा. तिच्यावर बारीक अक्षरांत जे छापलंय ते थोड्या वेळात लागणार आहे.

त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुगल्या की कातडी लाल दिसते. त्या फुगायला मात्र डझनभर वेगवेगळी कारणं असतात, आणि एका कारणाचं औषध दुसऱ्यासाठी खतपाणी ठरतं. आणखी एक अडचण आपल्या रंगाची. गोऱ्या कातडीवर जे लालभडक दिसतं, ते सावळ्या चेहऱ्यावर तपकिरी, जांभळट किंवा नुसतं काळपट दिसतं. इंटरनेटवरचे फोटो बहुतेक गोऱ्या चेहऱ्यांचे असतात, त्यांच्याशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात, स्वतःच्याच दुसऱ्या गालाशी तुलना करा. हात लावून गरम लागतंय का, खडबडीत आहे का, तेही बघा.

पहिली परीक्षा: काचेचा पेला

साधा, पारदर्शक, नक्षी नसलेला काचेचा पेला घ्या आणि त्याची बाजू डागावर दाबा. काचेतून पाहताना लालपणा नाहीसा झाला आणि पेला उचलल्यावर परत आला, तर रक्त वाहिन्यांच्या आतच आहे. मुरुम, अ‍ॅलर्जी, नायटा, कोंड्याचे चट्टे यांतले बहुतेक डाग असेच असतात.

दाबूनही लाल-जांभळे ठिपके जसेच्या तसे दिसत राहिले, तर रक्त वाहिनीबाहेर झिरपलेलं आहे. जोराच्या उलट्या किंवा खोकल्याची उबळ येऊन गेल्यावर डोळ्यांभोवती टाचणीच्या टोकाएवढे असे ठिपके उठतात आणि काही दिवसांत आपोआप जातात. पण उलटी नाही, खोकला नाही आणि अंगात ताप आहे, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतंय, पायांवरही तसेच ठिपके आहेत, तर मलमाचा विचारही करू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून रक्ततपासणीत प्लेटलेट बघून घ्या. पावसाळ्यात आणि त्यानंतर डेंग्यूची शंका आधी घ्यायची. अशा तापात आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन घेऊ नये, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

मुरुम बसून गेल्यावर मागे राहिलेला सपाट लाल किंवा तपकिरी ठिपकाही चिवट असतो. त्याला खाज नसते, हाताला लागत नाही. तो घालवण्याच्या नादात लोक घासतात, लिंबू चोळतात आणि महिन्याचं काम वर्षावर नेतात. तो काही महिन्यांत फिका होतो. तोवर उन्हापासून जपायचं आणि नवा मुरुम येऊ द्यायचा नाही.

ट्यूबवर काय छापलंय?

घटकांच्या यादीत बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, डेक्सामेथासोन, हायड्रोकॉर्टिसोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन, ट्रायअ‍ॅमसिनोलोन यांपैकी काही दिसतंय का? ही सगळी स्टिरॉइडं. शेवट ‘सोन’, ‘सोल’ किंवा ‘लोन’ असा असला की कान टवकारा. फक्त कीटोकोनॅझोल, लुलिकोनॅझोल अशा ‘नॅझोल’वाल्या नावांनी फसू नका, ती बुरशीवरची औषधं आहेत. गंमत म्हणजे बाजारातल्या बऱ्याच ट्यूबांमध्ये दोन्ही एकत्र असतात, वर एखादं अँटिबायोटिकही. एकाच ट्यूबमध्ये तीन-चार औषधं, म्हणजे निदान न करता सगळीकडे एकदम गोळीबार.

स्टिरॉइड रक्तवाहिन्या आकसवतं आणि त्वचेची प्रतिकाराची धावपळ थांबवतं. त्यामुळे कुठलाही लाल डाग दोन दिवसांत बरा दिसतो. मूळ कारण आतच राहतं. कारण बुरशी असेल तर तिला रोखणारं कुणी उरत नाही आणि ती निवांत पसरते. चेहऱ्याची कातडी पातळ, त्यामुळे तळव्यावर जे औषध जेमतेम शिरतं ते गालावर भराभर शोषलं जातं. काही आठवडे ते रोज लावलं की कातडी आणखी पातळ होते, गालांवर लाल रेषांची जाळी दिसू लागते, बारीक पुटकुळ्या येतात, लव वाढते, उन्हात पाऊल टाकलं की चेहरा भाजतो. आणि लावणं थांबवलं की दाबून ठेवलेल्या रक्तवाहिन्या एकदम फुगतात. आग, लाली, सूज. माणूस घाबरून पुन्हा ट्यूब उघडतो. चेहरा ट्यूबच्या व्यसनात अडकतो तो असा.

वांगासाठी दिली जाणारी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन अशी तिहेरी क्रीम या बाबतीत सर्वांत बदनाम. त्वचारोगतज्ज्ञ ती मोजक्या आठवड्यांसाठी देतात. लोक मात्र ती उजळ दिसण्यासाठी दोन-दोन वर्षं लावतात, आणि लग्नसराईत एकीची ट्यूब सगळ्या मैत्रिणींत फिरते. स्टिरॉइड मलमं 2018 पासून शेड्यूल एचमध्ये आहेत, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. पाकिटावर लाल उभी रेघ आणि आरएक्स ही खूण असते. तरी ती काउंटरवर सहज मिळतात, हे कुणाला सांगायला नको.

स्टिरॉइड वाईटच असतं असंही नाही. अ‍ॅलर्जीने चेहरा सुजला तर डॉक्टर सौम्य स्टिरॉइड चार-पाच दिवसांसाठी देतात आणि ते योग्यच असतं. किती दिवस लावायचं हे न विचारता ट्यूब घरी नेणं, घोळ तिथे होतो.

घटकांची यादीच नसलेली, डबीतून मिळणारी ‘गोरं करणारी’ क्रीम असेल तर ती सरळ बंद करा. अशा काही क्रीममध्ये पारा सापडलेला आहे आणि तो कातडीतून शिरून मूत्रपिंडाला इजा करतो. लघवीला फेस येणं किंवा पाय, पापण्या सुजणं सुरू असेल तर लघवीतल्या प्रथिनांची तपासणी करून घ्या.

स्टिरॉइडची ट्यूब सोडवताना

दोन-तीन आठवड्यांपेक्षा कमी लावलं असेल तर बहुधा सरळ थांबवता येतं. महिनोन्‌महिने लावलं असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवूनच सोडा. ते कमी ताकदीच्या औषधावर आणून, दिवसाआड करत, किंवा टॅक्रोलिमससारखं स्टिरॉइड नसलेलं मलम देऊन उतरवतात. पुटकुळ्या खूप असतील तर काही आठवडे डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतात (गरोदरपणात आणि लहान मुलांना त्या चालत नाहीत, आधी सांगा).

थांबवल्यावर काही दिवसांत चेहरा आधीपेक्षा वाईट दिसणार, हे घरच्यांनाही सांगून ठेवा. नाहीतर सासूबाई किंवा शेजारीण “अगं, ती ट्यूबच बरी होती की” म्हणणार आणि सगळं मुसळ केरात. ही आग शमायला आठवडे, जुनं व्यसन असेल तर काही महिने लागतात. गार पाण्यात भिजवून पिळलेला मऊ सुती रुमाल दिवसातून तीन-चारदा दहा-दहा मिनिटं ठेवा. बर्फ थेट लावू नका.

ट्यूबमध्ये स्टिरॉइड नाही, तरी डाग परत येतोच

मग डाग कुठे आहे ते बघा, जागा बरंच सांगून जाते.

नाकपुड्यांच्या बाजूच्या घडीत, भुवयांत, कानामागे, दाढी-मिशीत लाली आणि तिच्यावर तेलकट, पिवळसर खवले असतील, डोक्यातही कोंडा असेल, तर हा कोंड्याचाच चट्टा. सेबोऱ्हिक डर्मटायटिस म्हणतात तो हाच. कातडीवर राहणारी मॅलॅसेझिया नावाची यीस्ट तेलावर जगते, आणि आपण “कातडी सुकलीय” म्हणून तिथेच खोबरेल चोळतो! म्हणजे रोज रात्री तिला जेवायला वाढतो. तेल थांबवा. कीटोकोनॅझोल 2 टक्के शाम्पू आठवड्यातून दोनदा डोक्याला लावा, तोच फेस भुवया आणि नाकाच्या कडांना लावून तीन ते पाच मिनिटं ठेवा, डोळे मिटून, आणि धुऊन टाका. असं चार आठवडे. हा त्रास मुळापासून जात नाही. थंडीत, जागरणात, ताणात तो डोकं वर काढतो. बरा झाल्यावरही आठवड्यातून एकदा तोच शाम्पू चालू ठेवला तर तो आटोक्यात राहतो. बहुतेक लोक तिथेच चुकतात: चट्टा गेला की शाम्पू बंद.

कपाळावर, केसांच्या कडेला एकसारख्या आकाराच्या, खाजणाऱ्या, बारीक पुटकुळ्या आणि काळे-पांढरे ठिपके एकही नाहीत? तीही त्याच यीस्टची करामत असू शकते. मुरुमांच्या औषधाने ती बरी होत नाही, अँटिबायोटिकने उलट वाढते. हेल्मेट, घाम आणि केसांचं तेल ही तिघं मिळून ती फुलवतात.

गोल किंवा अर्धगोल चट्टा, कडा उंच आणि खरखरीत, मध्ये कातडी साफ, खाज भरपूर: नायटा, म्हणजेच गजकर्ण. मांडीत किंवा कमरेला आधीपासून असेल तर तिथून टॉवेलने चेहऱ्यावर येतो. लहान मुलाच्या गालावर एकच गोल चट्टा असेल तर घरात नवं मांजराचं पिल्लू आलंय का बघा. चेहऱ्याचा नायटा अनेकदा ओळखू येत नाही, कारण आधी स्टिरॉइड लावून त्याची गोल कडाच पुसलेली असते. गेल्या काही वर्षांत आपल्याकडचा नायटा जुन्या औषधांना दाद देईनासा झाला आहे, त्यामुळे ट्यूब बदलत बसू नका, दाखवा. मलम चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटीमीटरपर्यंत लावायचं आणि दिसायचं थांबल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस चालू ठेवायचं. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. अभ्रे आणि टॉवेल गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. घरात आणखी कुणाला असेल तर दोघांचे उपचार एकाच वेळी झाले पाहिजेत, नाहीतर तो आळीपाळीने फिरत राहतो.

काळे-पांढरे ठिपके आहेत, मधूनच दुखऱ्या गाठी येतात, तर साधे मुरुम. त्यावर अ‍ॅडापेलिन 0.1 टक्के रात्री: चेहरा धुऊन पूर्ण सुकू द्यायचा, मग वाटाण्याएवढी क्रीम पूर्ण चेहऱ्याला, डोळ्यांच्या आणि ओठांच्या कडा सोडून. फक्त मुरुमावर ठिपका लावून उपयोग नाही, ती पुढचे मुरुम रोखणारी क्रीम आहे. पहिले दोन आठवडे दोन दिवसांआड, मग सोसेल तसं रोज. सुरुवातीला कातडी सोलते आणि मुरुम वाढल्यासारखे वाटतात, बरेच जण तिसऱ्या आठवड्यात इथेच सोडून देतात. बारा आठवडे दिल्याशिवाय निकाल काढू नका. गरोदरपणात ही लावू नये. सकाळी बेन्झॉइल पेरॉक्साइड 2.5 टक्के जोडता येतं, पण त्याने टॉवेल आणि अभ्र्यावर पांढरे डाग पडतात, जुना टॉवेल काढा. नुसतं क्लिंडामायसिनचं जेल महिनोन्‌महिने लावणं टाळा, जंतू त्याला निर्ढावतात.

तोंडाभोवती बारीक लाल पुटकुळ्या, आणि ओठांना लागून एक अरुंद पट्टी मात्र स्वच्छ: हा बहुधा पुन्हा स्टिरॉइडचाच प्रताप. दम्याचा पंप मास्कने घेत असाल तर त्यानंतर तोंड धुवा.

गाल आणि नाक वारंवार तापतात, चहा, रस्सा, ऊन किंवा दारूने लाल होतात, काळे ठिपके नाहीत, तर रोझेशिया. आपल्याकडे तो मुरुम समजून घासला जातो आणि वाढतो. त्यावर मेट्रोनिडाझोल, आयव्हरमेक्टिन किंवा अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिडची मलमं डॉक्टर देतात. चहा सोडायची गरज नाही, थोडा निवू द्या.

चेहऱ्याला काय लागतंय?

कपाळाच्या मधोमध टिकलीएवढाच गोल खाजरा डाग असेल तर कारण शोधायला फार लांब जायला नको. टिकलीच्या चिकटद्रव्यातलं एक फिनॉल आधी कातडी चिडवतं आणि पुढे तिथला रंगच घालवून पांढरा डाग पाडू शकतं. टिकलीचा ब्रँड बदलून पाहू नका, काही महिने टिकली पूर्ण बंद.

केस रंगवल्यावर एक-दोन दिवसांत कपाळाची कड, कान आणि पापण्या सुजून लाल झाल्या तर तो रंगातल्या पीपीडी नावाच्या रसायनाचा प्रताप. काळी मेंदी म्हणून जे मिळतं त्यातही तो बहुधा असतोच. एकदा ही अ‍ॅलर्जी जडली की ती आयुष्यभर राहते आणि प्रत्येक वेळी जास्त जोरात उठू शकते. फक्त पापण्याच लाल, खरखरीत? नेलपॉलिश बंद करून बघा. नखांवर काही होत नाही, पण तीच बोटं दिवसभर डोळ्यांना लागतात.

शेतात, बांधावर, मोकळ्या प्लॉटच्या कडेला राबणाऱ्यांच्या चेहऱ्यावर दरवर्षी पावसाळ्यानंतर चट्टे उठत असतील तर गाजरगवत आठवा. 1955 मध्ये पुण्यात नोंदलं गेलेलं हे तण आज कुठे नाही! त्याचा सुका चुरा हवेतून येऊन चेहऱ्यावर बसतो. ऊन लागल्याचे चट्टे आणि हे चट्टे वेगळे ओळखायची एक खूण आहे: उन्हाचा त्रास वरच्या पापण्या, हनुवटीखालची जागा आणि कानामागचा भाग सोडतो, कारण तिथे सावली असते. गाजरगवत तिथेही पोचतं. हे गवत हातमोजे घालून, फुलोऱ्यापूर्वी उपटा, जाळू नका. शेतातून आल्यावर चेहरा धुवा, कपडे बदला आणि ते कपडे घरात वाळत घालू नका.

पावसाळ्यात रात्री दिव्याकडे येणारा, मुंगीसारखा लांबट, केशरी-काळा किडा झोपेत चिरडला गेला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या जागी लांबोडकी, भाजल्यासारखी लाल रेघ उमटते. डोळ्याजवळ असेल तर लोक नागीण समजून मंत्र-तंत्र, लेप सुरू करतात. हा किडा चावत नाही, त्याच्या अंगातला रस भाजतो. अंगावर दिसला तर फुंकून उडवा आणि ती जागा साबणाने धुवा. साधारण दहा दिवसांत भरून येतं, काळा डाग थोडा रेंगाळतो. खरी नागीण चेहऱ्याच्या एकाच बाजूला येते, आधी ठणका आणि मग पाण्याचे फोड. ती कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर असेल तर डोळ्याला धोका असतो. औषध फोड उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू व्हायला हवं.

काहीच कळत नसेल तर दोन आठवडे सगळं बंद

सगळ्या क्रीम, फेसपॅक, वाफ, स्क्रब, हळद-बेसन, टूथपेस्ट, लिंबू, खाण्याचा सोडा बाजूला ठेवा. (स्टिरॉइडचं वर सांगितलंय तसं.) निरोगी कातडी किंचित आम्लधर्मी, पीएच पाचच्या आसपास. लिंबाचा दोनच्या जवळ, सोड्याचा आठच्या वर. एकाने भाजतं, दुसऱ्याने संरक्षक थर निघून जातो. लिंबू लावून उन्हात गेलात तर काळे चट्टे वेगळेच.

उरतात तीन गोष्टी. दिवसातून दोनदा कोमट किंवा साध्या पाण्याने आणि बिनवासाच्या सौम्य क्लेन्झरने चेहरा धुणं, तेही बोटांनी, खसाखसा नव्हे. टॉवेलने टिपून कातडी ओलसर असतानाच साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर. आणि सकाळी किमान एसपीएफ 30चं सनस्क्रीन, तर्जनी आणि मधलं बोट यांवर काढलेल्या दोन पट्ट्यांएवढं, चेहरा आणि मान मिळून. उन्हात असाल तर दोन-तीन तासांनी पुन्हा. झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन चिडलेल्या कातडीला सहसा झोंबत नाही.

दोन आठवड्यांनी डाग निवला तर एकेक वस्तू परत आणा, दोन वस्तूंमध्ये किमान आठवडा ठेवून. नवीन क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला सकाळ-संध्याकाळ सात दिवस लावून पाहा. घाई करून दोन एकदम आणल्या तर गुन्हेगार पुन्हा हातचा निसटतो.

थांबू नका असे डाग

दोन्ही गालांवर आणि नाकावर फुलपाखरासारखी लाली, नाकाच्या बाजूच्या घड्या मात्र स्वच्छ, सोबत सांधेदुखी, तोंडात फोड, केसगळती किंवा बारीक ताप असेल तर ल्युपसची, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते त्या आजाराची, तपासणी हवी. गालावर फिका किंवा तांबूस चट्टा महिनोन्‌महिने तसाच आहे, खाज नाही, कानाच्या पाळ्या जाड झाल्यात, भुवया विरळ होतायत, तर कुष्ठरोग वगळून घ्या. अंगावरच्या चट्ट्यात बधिरपणा येतो, चेहऱ्यावर मात्र नसा भरपूर असल्याने स्पर्श कळत राहतो, म्हणून “बधिर नाही म्हणजे काही नाही” असं धरू नका. औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं आणि पूर्ण बरं होतं. ओठ-पापण्या अचानक सुजल्या आणि श्वास अडकतोय तर थेट तातडीच्या विभागात.

डॉक्टरांकडे जाताना मेकअप नको. डाग सर्वांत जास्त चढलेल्या दिवसाचा फोटो दिवसाच्या उजेडात काढून ठेवा, आणि आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्या का असेनात, पिशवीत घालून न्या. “पांढरी-निळी ट्यूब होती” यावरून कुणाला काही कळत नाही. बुरशीचं मलम लावत असाल तर तसं आधीच सांगा. त्यामुळे कातडी खरवडून केलेल्या तपासणीत बुरशी असूनही दिसत नाही.